टॅरंट्युलाच्या पिल्लांना घरचे मीलवर्म, काही महिन्यांचा अनुभव

सांगलीत राहतो, माझ्याकडे ब्राझीलच्या सालमन पिंक बर्डईटर या टॅरंट्युलाची, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्याची, पिल्लं आहेत. आधी त्यांना खायला क्रिकेट (रातकिडे) मागवायचो पण उन्हाळ्यात पार्सलमध्ये निम्मे मेलेलेच यायचे आणि उरलेले रात्रभर किरकिर करायचे. शेतातले नाकतोडे द्यायचा तर विचारच करू नका, आपल्याकडं द्राक्षं नाहीतर ऊस, फवारणी नाही असं रान कुठंय, आणि एवढ्याशा पिल्लाला औषधाचा अंशसुद्धा सोसायचा नाही.

म्हणून मीलवर्मचा, म्हणजे एका भुंग्याच्या अळ्यांचा, डबा लावला. प्लॅस्टिकचा डबा, झाकणाला भोकं, गव्हाचा कोंडा आणि ओलाव्याला गाजराची चकती, बास. अळीचा कोष, कोषाचा काळा भुंगा, भुंगा परत अंडी घालतो, चक्र चालूच राहतंय. त्रास फक्त पावसाळ्यात, कोंडा जरा दमट झाला की बुरशी आणि माइट्स (जेमतेम दिसणारे बारीक जीव) होतात, त्यामुळं तेव्हा गाजर संपेल एवढंच टाकतो आणि डबा पिल्लांपासून लांब ठेवतो.

अळी जिवंत सोडायची नाही, ती मातीत घुसून बसते आणि नुकतीच कात टाकलेल्या मऊ पिल्लाला चावू पण शकते. चिमट्यानं डोकं चेपायचं, पिल्लू बारकं असेल तर कापून त्याच्या पोटापेक्षा लहान तुकडा बिळाच्या तोंडाशी ठेवायचा. आधी पुढचे दोन पाय हळूच टेकवतं, थांबतं, आणि मग एकदम आत ओढून नेतं, मी आजही प्रत्येक वेळी बघत बसतो. पाचक रस सोडून मांस पातळ करून शोषून घेतात, सकाळी उरतो तो चुरगळलेला काळपट गोळा, तो लगेच उचलायचा.

आठवड्यातून एकदा-दोनदा पुरतं. पोट फुगून चकचकीत काळपट झालं, बीळ मातीनं बुजवलं की समजायचं कात टाकणार, तेव्हा खाणं बंद पण पाण्याचा थेंब चालू ठेवा. कात टाकल्यावर विषदंत पांढरे असतात, मग लालसर आणि शेवटी काळे, काळे झाल्याशिवाय काही देऊ नका, घाई केली तर पिल्लाला इजा होऊ शकते.

खटकलं एवढंच की अळीची कातडी जाड असते, म्हणून नुकतीच कात टाकलेली पांढरी अळी दिसली की मी ती सगळ्यात लहान पिल्लाला देतो. अंड्यापासून देण्याजोगी अळी व्हायला दोन-तीन महिने लागतात, तेव्हा पिल्लू आणायच्या आधीच डबा लावून ठेवा.