जवस, अक्रोड, चिया की शेवाळाची कॅप्सूल? मासे न खाणाऱ्या नागपूरकरांनी ओमेगा-३ कुठून घ्यावं

घरात मासे येत नाहीत, डॉक्टरांनी किंवा कुणा नातेवाइकाने ओमेगा-३चं नाव काढलंय आणि आता काय विकत घ्यावं हे ठरत नाही, अशांसाठी हे लिहितेय. माझा कौल आधीच सांगते. नागपुरातल्या बहुतेक शाकाहारी माणसांना रोज एक पोह्याचा चमचा दळलेलं जवस पुरतं. मात्र घरात स्वयंपाकाला तेल कोणतं येतं तेही सोबत बघावं लागतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईचा हिशेब थोडा वेगळा आहे, तो शेवटी.

शरीराला स्वतः बनवता येत नाहीत अशी स्निग्धाम्लं (फॅटी अ‍ॅसिड) दोनच. एक लिनोलेइक आम्ल, म्हणजे ओमेगा-६. दुसरं अल्फा-लिनोलेनिक, म्हणजे वनस्पतींमधलं ओमेगा-३. त्याला पुढे एएलए म्हणूया. १९२९-३०च्या सुमारास अमेरिकेत जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या दांपत्याने उंदरांच्या आहारातून स्निग्ध पदार्थ पूर्ण काढून घेतले, तेव्हा त्यांची वाढ खुंटली आणि शेपटीला खवले धरले. तेव्हापासून काही स्निग्धाम्लं अन्नातूनच घ्यावी लागतात हे मान्य झालं.

यातलं ओमेगा-६ आपल्याकडे कमी पडायचा प्रश्नच नाही. पोह्यावरची तर्री आठवा. फोडणी, तळण, वडाभातावर ओतलेलं तेल, सगळीकडून ते येतंच. कमी पडतं ते एएलए. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने मोठ्या माणसासाठी रोजचं पुरेसं प्रमाण पुरुषाला १.६ ग्रॅम आणि स्त्रीला १.१ ग्रॅम असं धरलंय. गरोदरपणात १.४ आणि अंगावर पाजताना १.३. आकडा छोटा आहे, पण नेमक्या वस्तू पोटात गेल्या नाहीत तर तोही भरत नाही.

आधी तेलाचा डबा बघा

जवस की अक्रोड या वादाच्या आधी हे लिहिण्याचं कारण आहे. शरीर एएलएपासून पुढची दोन ओमेगा-३ आम्लं तयार करतं, ईपीए आणि डीएचए. मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात असतं ते डीएचए. पण हे काम करणारं विकर (एन्झाइम) ओमेगा-६वरही काम करतं. ताटात ओमेगा-६चा पूर असला की एएलएच्या वाट्याला ते कमी येतं. म्हणजे चमचाभर जवस खाऊन वर सगळा स्वयंपाक करडईच्या तेलात केला, तर एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखं होतं.

करडईचं तेल हृदयाला चांगलं म्हणून आपल्या कितीतरी घरांत वर्षानुवर्षं येतंय. त्याने कोलेस्टेरॉल उतरतं हे खरं, पण नेहमीच्या करडईच्या तेलात जवळजवळ ७५ टक्के लिनोलेइक आम्ल असतं आणि एएलए नसल्यात जमा. सूर्यफुलाचं त्याच वळणाचं, साधारण ६० टक्के. सरकीच्या तेलात निम्म्याच्या आसपास. शेंगदाणा तेलात ओमेगा-६ पाव ते एक तृतीयांश, म्हणजे बरंच कमी. पण एएलए त्यातही नाही.

सोयाबीनचं तेल मात्र वेगळं आहे. त्यात ओमेगा-६ अर्ध्याहून जास्त असलं तरी सुमारे ७ टक्के एएलए असतं. दिवसाला दोन पोह्याचे चमचे सोयाबीन तेल पोटात जात असेल, तर कागदावर जवळपास पावणेदोन-दोन ग्रॅम एएलए तिथेच झालं. विदर्भातल्या कित्येक घरांना हे न कळत मिळतंय. यावर पूर्ण विसंबू नका, कारण कढईत पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलात हेच आम्ल सगळ्यात आधी बिघडतं आणि त्याच घासाबरोबर सातपट ओमेगा-६ही येतं. मोहरीच्या तेलात ओमेगा-६ कमी आणि एएलए साधारण ६ ते १४ टक्के, म्हणजे दोघांचा मेळ उत्तम. पण त्यात इरुसिक आम्लही बरंच असतं, जे जास्त झालं तर हृदयाला बरं नाही असं मानतात, आणि मराठी जिभेला त्याचा उग्रपणा रोज चालत नाही. म्हणून ते सगळ्या स्वयंपाकाला घेऊ नका, एखाद्या भाजीला वापरा.

माझं मत असं: करडई किंवा सूर्यफूल एकटं वापरत असाल तर ते थांबवा. फोडणीला शेंगदाणा तेल ठेवा, हवं तर महिन्याआड सोयाबीनचं आणा, आणि एएलएची बाजू जवसावर सोपवा.

जवस, चिया, अक्रोड

१०० ग्रॅम जवसात साधारण २२ ग्रॅम एएलए असतं, चियात १७-१८ आणि अक्रोडात ९. रोजच्या मापात सांगायचं तर दळलेल्या जवसाच्या एका पोह्याच्या चमच्यात सुमारे दीड ग्रॅम, चियाच्या तेवढ्याच चमच्यात दोन ग्रॅम (बी जड आणि दाट बसतं म्हणून), आणि चार अख्ख्या अक्रोडांत १.४ ग्रॅमच्या आसपास. गरज तिघांतूनही भागते. फरक पडतो तो पैशात, सवयीत आणि टिकाऊपणात.

अक्रोड चांगला आहे, मुलं आवडीने खातात, दळायची कटकट नाही. पण त्यात एएलएच्या चौपट ओमेगा-६ असतं आणि किलोचा भाव जवसाच्या कित्येक पट. चार माणसांच्या घरात रोज प्रत्येकी चार अक्रोड हा खर्च बहुतेकांना झेपणार नाही. शिवाय उन्हाळ्यात फोडलेला अक्रोड लवकर खवट होतो. मुलांच्या डब्यात दोन घाला, पण घरभराची भिस्त त्यावर ठेवू नका.

चिया मूळची मध्य अमेरिकेतली, आता भारतातही पिकते. बी भिजवून दही-दुधात घालता येतं, चव नाही, वास नाही. ज्यांना जवसाचा वास सोसत नाही त्यांनी खुशाल चिया घ्यावी. दळून घेतली तर अख्ख्यापेक्षा जास्त अंगी लागते. दुकानात सब्जा आणि चिया यांची अदलाबदल होते तेवढं बघा: सब्जा एकसारखा काळा असतो आणि पाण्यात लगेच फुगतो, चियावर करड्या-पांढऱ्या रेषा असतात.

जवसाकडे माझा कल आहे, आणि तो नुसत्या आपलेपणामुळे नाही. पूर्व विदर्भात धान उभं असतानाच त्यात जवस फेकायची रीत आहे. नागपूरच्या कृषी महाविद्यालयात जवसावर संशोधन चालतं आणि 'एनएल' अक्षरांचे वाण इथलेच. क्षेत्र मागच्या काही दशकांत बरंच घटलं, तरी इतवारीच्या किराणा ओळीत आणि मस्कासाथात जवस आजही पोत्यातून मिळतं. पीक रब्बीचं, त्यामुळे होळीच्या सुमारास नवा माल येतो. "भाऊ, यंदाचंच आहे ना?" असं विचारा आणि चार दाणे दाताखाली फोडून बघा. ताजा दाणा थोडा चिकट, गोडसर लागतो. जुना जिभेच्या टोकाला कडू लागतो आणि रंगाच्या डब्यासारखा वास मागे ठेवतो. तो घेऊ नका.

अख्खं जवस मुखवासासारखं चघळणारे खूप आहेत. बारीक चावलं नाही तर कवच फुटत नाही आणि दाणा जसाच्या तसा बाहेर पडतो. म्हणून ते दळायलाच हवं. आपली जवसाची चटणी इथे कामाला येते. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर जवस टाकायचं आणि सतत हलवायचं. आधी काहीच होत नाही, मग एखादा दाणा उडतो, मग सगळीकडून तडतड सुरू होते आणि शेंगदाण्यासारखा खमंग वास सुटतो. तडतड ओसरायच्या आत गॅस बंद. रंग काळपट होईस्तोवर थांबलात तर चटणी कडू होईल. पूर्ण थंड झाल्यावर लसूण, जिरं, तिखट, मीठ घालून खलबत्त्यात किंवा मिक्सरमधून थांबत थांबत फिरवायची. सलग फिरवली तर तेल सुटून गोळा होतो.

भाजल्याने ओमेगा-३ जळून जातं अशी भीती बऱ्याच जणींना वाटते. मंद आचेवरच्या थोड्या वेळाच्या भाजण्याने दाण्यातलं एएलए फारसं कमी होत नाही, कारण दाण्यात स्वतःचे रक्षक घटक असतात. उलट भाजण्याचा फायदा आहे. कच्च्या जवसात सायनाइड तयार करू शकणारे घटक अल्प प्रमाणात असतात, ते उष्णतेने घटतात. रोजच्या एक-दोन चमच्यांत कच्चंही धोक्याचं नाही, पण वाटीभर कच्ची पूड पाण्यात कालवून पिण्याचे जे सल्ले फिरतात ते पाळू नका.

बिघडतं ते दळल्यानंतर. कवच फुटलं की हवा लागते, आणि मे महिन्यात पारा ४५च्या वर गेलेल्या नागपुरात ओट्यावरच्या बरणीतली पूड बघता बघता खवट होते. अख्खे दाणे कोरड्या डब्यात महिनोन् महिने राहतात. पूड आठवड्यापुरतीच करा, घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये ठेवा. भाकरीसोबत चटणी म्हणून खा, नाहीतर कणकेत, ताकात, वरणात घाला.

जवसाचं तेल घ्यावं का?

तेलात निम्म्याहून जास्त एएलए. एका छोट्या चमच्यात दोन ग्रॅमच्या वर, म्हणजे दिवसाची गरज तिथेच संपली. ज्यांना दात नाहीत, चटणीचं तिखट चालत नाही किंवा चोथा पचत नाही अशा म्हाताऱ्या माणसांसाठी मी ते सुचवेन. पण तेलात दाण्याचा तंतू नाही आणि ते पुडीपेक्षाही नाजूक असतं. घाण्याचं ताजं, गडद रंगाच्या छोट्या बाटलीतलं घ्या, फ्रिजमध्ये ठेवा, महिना-दीड महिन्यात संपवा.

सावजी रस्सा जवसाच्या तेलात करायची जुनी रीत आपल्याला ठाऊक आहे. चवीसाठी कधीमधी केलं तर हरकत नाही, पण ओमेगा-३ मिळावं म्हणून ते तेल फोडणीला वापरू नका. शंभर अंशांच्या थोडं वर गेलं की त्याला धूर सुटतो, फोडणी त्याहून कितीतरी तापते. झुणक्यावर, ठेच्यावर वरून कच्चं घाला.

एक गोष्ट कळकळीने सांगते. रंगाच्या आणि हार्डवेअरच्या दुकानात 'डबल बॉइल्ड' अळशीचं, म्हणजे जवसाचंच, तेल मिळतं. नाव तेच, भाव कमी. ते खायचं नाही, कितीही थोडं नाही. रंग लवकर वाळावा म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात.

कॅप्सूलचा हिशेब

मेडिकलमध्ये मिळणाऱ्या जवस तेलाच्या एक ग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये जेमतेम अर्धा ग्रॅम एएलए असतं. तेवढं चहाचा चमचाभर पुडीत मिळतं, कितीतरी स्वस्तात. ही कॅप्सूल घेण्यात मला अर्थ दिसत नाही.

शेवाळाच्या तेलाची कॅप्सूल ही वेगळी वस्तू. माशांमध्ये जे डीएचए असतं ते मासा स्वतः फारसं बनवत नाही, समुद्रातल्या सूक्ष्म शेवाळातून ते त्याच्यापर्यंत पोचतं. तेच शेवाळ टाक्यांत वाढवून तेल काढतात. म्हणजे मासा न खाता थेट डीएचए. आपलं शरीर एएलएपासून ईपीए बनवतं ते शेकड्याला पाच-आठच्या घरात, आणि डीएचए त्याहून खूपच कमी. तरुण स्त्रियांमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकामुळे हे प्रमाण जास्त असतं. काटेकोर शाकाहारी माणसांच्या रक्तात डीएचए मासे खाणाऱ्यांपेक्षा कमी आढळतं. तरी धडधाकट माणसाने धावत जाऊन ही महागडी डबी आणावी असं मी म्हणणार नाही.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईचं तसं नाही. पोटातल्या बाळाचा मेंदू आईकडूनच डीएचए घेतो आणि या काळात दिवसाला निदान २०० मिलिग्रॅम डीएचए मिळावं असा सल्ला दिला जातो. मासे न खाणाऱ्या बाईला हे शेवाळाच्या तेलातूनच खात्रीने मिळतं. घरात सून गरोदर असेल तर अक्रोडाचे पैसे या कॅप्सूलकडे वळवा, पण आधी तिच्या डॉक्टरांना विचारा. या काळात जवस भरपूर खाऊ घालू नका. त्यात इस्ट्रोजेनसारखं वागणारे लिग्नान नावाचे घटक असतात, चवीपुरती चटणी ठीक. डबी घेताना नुसतं 'ओमेगा-३' वाचून थांबू नका. हिरवा ठिपका बघा, तेल माशाचं की शेवाळाचं ते बघा, आणि एका कॅप्सूलमधलं डीएचए किती मिलिग्रॅम ते वेगळं शोधा, कारण मोठ्या अक्षरांत छापलेला आकडा बहुधा एकूण तेलाचा असतो.

जवस सुरू करायचं ठरलं तर पहिला आठवडा चहाच्या चमच्याने घ्या आणि पाणी वाढवा, नाहीतर त्याच्या चिकट तंतूने पोट जड होतं. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगूनच घ्या. इतर कुठल्याही गोळ्या असतील तर जवस आणि गोळी यांत तास-दोन तासांचं अंतर ठेवा.