जाचातून सुटल्यावर: ईपीएफओचं सदस्य पोर्टल

जाचाची नोकरी सोडली, पण जुनी कंपनी पीएफ खात्यात सोडल्याची तारीखच भरत नाही? मग ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ सांभाळणाऱ्या सरकारी संस्थेच्या, पोर्टलवरची सर्वांत कामाची सोय ‘मॅनेज’मधली ‘मार्क एग्झिट’: ती तारीख आपणच भरायची. शेवटच्या हप्त्यानंतर २ महिने थांबावं लागतं, हे खटकतं. ओटीपी आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो. तो नंबर कंपनीच्या सिमचा असेल तर सिम परत करण्याआधीच आधारवर बदला. तारीख चुकली तर दुरुस्तीचा व्याप मोठा. नोकरीची ५ वर्षं पूर्ण होण्याआधी ५०,००० रुपये किंवा जास्त पीएफ काढलात तर टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापला जातो, म्हणून नवी नोकरी लागणार असेल तर पीएफ नव्या खात्यात ट्रान्स्फर केलेला बरा. फॉर्म भरताना हे सगळं निस्तरलेली मैत्रीण शेजारी बसवा. ती एजंटसारखे पैसे मागत नाही, वर चहाही पाजते.