कबड्डी की खो-खो: ऑलिम्पिकचं तिकीट कोणाला?

नागपुरात तर्री-पोह्याच्या ठेल्यावर हा वाद निघाला की प्लेट थंड होते. माझं मत कबड्डीला. 1990 पासून ती एशियाडमध्ये आहे. 2018 मध्ये जकार्तात इराणनं पुरुष आणि महिला, दोन्ही सुवर्णं नेली. तेव्हा जाम झोंबलं, पण आपल्याला हरवणारं कोणी असलं तरच खेळ जगाचा होतो ना! आणि आपल्या शेजारच्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळानं 1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकवेळीच कबड्डी जगाला दाखवली होती.

खो-खो बघायला जास्त देखणा, हे कबूल. ती हुलकावणी, खांबाजवळचा तो सूर! पण पहिला विश्वचषक 2025 मध्ये दिल्लीत झाला, दोन्ही करंडक भारतालाच. आधी एशियाडमध्ये पदकासाठी खेळू द्या त्याला.