डिफरन्शियलचे पीयू बुश : नऊ महिने आणि अकरा हजार किलोमीटर

डिफरन्शियलचे झिजलेले रबरी बुश (धक्के झेलणाऱ्या गोल चकत्या) काढून पीयूचे, म्हणजे पॉलियुरेथेन या कडक प्लास्टिकचे, घातले. ठक्क आवाज गेला, घरघर आली. नऊ महिन्यांचा हिशेब एवढाच. आता ती घरघर किती, कधी आणि कशाने कमी होते, ते सविस्तर.

गाडी मागच्या चाकांवर चालणारी, मागचं सस्पेन्शन स्वतंत्र. डिफरन्शियल, म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या दोन चाकांत वाटणारा गिअरचा डबा, सबफ्रेमला (गाडीखालच्या लोखंडी चौकटीला) तीन ठिकाणी टांगलेला, पुढे दोन छोटे बुश आणि मागे एक मोठा. ॲक्सिलरेटर दिला की पिनियनचं, म्हणजे आतल्या छोट्या गिअरकडचं, पुढचं नाक वर उचलायला बघतं, सोडला की खाली बसतं. या झटक्यांनी रबर बाहेरच्या स्टीलच्या स्लीव्हपासून सुटत जातो. पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडताना ठक्क, संथ ट्रॅफिकमध्ये पाय उचलला की पुन्हा ठक्क.

पण बुशवर खापर फोडण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतच्या दांड्याचे) जॉइंट आणि रबर कपलिंग हलवून बघा, कारण आवाज तोच येतो. गाडी स्टँडवर घ्या, डिफरन्शियल आणि सबफ्रेम यांच्यामध्ये पहार घालून हलका जोर द्या. शाबूत रबर चिवटपणे दबतो आणि परत येतो. गेलेला बुश आधी मोकळा सरकतो, मग लोखंडावर लोखंड आदळल्यासारखा वाजतो. टॉर्चच्या उजेडात स्लीव्हच्या कडेला चंद्रकोरीसारखी फट दिसली की शंका उरत नाही. काही गाड्यांत मागचा बुश द्रव भरलेला असतो. तो फुटला की खाली काळसर ओघळ दिसतो. त्याला डिफरन्शियलचं ऑइल समजून सील बदलत बसू नका.

कामात सगळ्यात जास्त वेळ खातो तो जुना बुश काढणं. डिफरन्शियल खाली घ्यायला सायलेन्सर, उष्णतेचं कवच आणि प्रोपेलर शाफ्ट सोडावा लागतो. शाफ्टच्या फ्लँजवर रंगाची खूण करा, तसाच परत बसवला नाही तर थरथर येते. डिफरन्शियलचं वजन सहज तीस किलोच्या घरात जातं. जॅकवर लाकडी फळी ठेवून पट्ट्याने बांधा. हाफ शाफ्ट (डिफरन्शियलपासून चाकांकडे जाणारे दांडे) लोंबकळत ठेवू नका, तारेने वर बांधा, नाहीतर त्यांच्या सीव्ही जॉइंटचा बूट, म्हणजे रबरी आवरण, फाटतो. डिफरन्शियल आडवा ठेवला तर ब्रीदरमधून (हवा सोडणाऱ्या छिद्रातून) ऑइल येणार. त्यामुळे ऑइल याच वेळी बदललेलं बरं. आधी भरायचा प्लग सैल होतोय ना ते बघा, मगच खालचा उघडा. उलट क्रमाने केलं आणि वरचा प्लग जाम निघाला, तर ऑइल नसलेली गाडी स्टँडवर अडकून पडते.

बुश ओढायला एम १२ चा थ्रेडेड रॉड, एका बाजूला बुशपेक्षा २ मिमी मोठ्या आतल्या व्यासाचा पाइप आणि दुसऱ्या बाजूला बुशच्या बाहेरच्या व्यासापेक्षा १ मिमी लहान जाड वॉशर. रॉड १०.९ ग्रेडचाच घ्या. साध्या रॉडचे आटे पाचव्या-सहाव्या फेऱ्यालाच सोलून निघतात. आट्यांना मॉलिब्डेनम ग्रीस आणि नटाखाली थ्रस्ट बेअरिंग लावलं तर निम्मी ताकद लागते. एम १२ ची पिच १.७५ मिमी, म्हणजे ५० मिमी लांब बुशला साधारण २९ फेरे. सहा-सात फेरे होऊनही रॉड नुसता ताणला जातोय, बुश हलत नाही, तर थांबा. गंजाने स्लीव्ह भोकाला धरलेला आहे. मग रबर ड्रिलने पोखरून काढा आणि उरलेल्या स्लीव्हला आतून हॅकसॉ ब्लेडने दोन काप द्या. स्लीव्हची भिंत जेमतेम दीड मिलिमीटर असते. ब्लेडचा आवाज बदलला की स्लीव्ह संपला, पुढची घासणी सबफ्रेमवर होते. काप पडल्यावर छोट्या छिन्नीने पट्टी आत दुमडायची, ती निघून येते. गॅसने रबर जाळायचा मोह आवरा. धूर विषारी असतो आणि पेट्रोलची टाकी हाताच्या अंतरावर असते.

रबरचाच नवा बुश घालणार असाल तर तो रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. ६० मिमी व्यासाचा स्टील स्लीव्ह ४५ अंशांनी थंड झाला की अंदाजे ०.०३ मिमी आकसतो. आकडा लहान वाटतो, पण घट्ट फिटमध्ये तेवढ्याने बराच फरक पडतो. रबरातल्या पोकळ्या कोणत्या दिशेला आहेत ते जुना काढण्याआधी सबफ्रेमवर कोरून ठेवा. बसवताना साबणाचं पाणी चालेल, इंजिन ऑइल नको, रबर फुगतो.

पीयू संचात प्रत्येक बुशचे दोन अर्धे आणि मधली स्टीलची ट्यूब येते, त्यामुळे हे सगळं सोपं. बसवण्याआधी व्हर्नियरने एक मोजमाप मात्र घ्याच. अर्धे जोडून धरल्यावर ट्यूब त्यांच्यापेक्षा किंचित लांब हवी. आखूड असली तर बोल्ट ट्यूबऐवजी पीयूला आवळतो, बुश चिरडला जातो आणि गाडी दगडासारखी कडक होते. भोकातला गंज पॉलिश पेपरने पूर्ण साफ करा, सिलिकॉन ग्रीस आत-बाहेर सढळ हाताने लावा, सेल्फ-लॉकिंग नट नवे घ्या. तिन्ही बोल्ट आधी हाताने लावून डिफरन्शियल आपल्या जागी बसू द्या, मग सर्व्हिस मॅन्युअलमधल्या टॉर्कला (आवळण्याच्या ठरलेल्या जोराला) आवळा. एक बोल्ट पूर्ण आवळून दुसरा शोधायला गेलात तर तो भोकात उतरतच नाही.

आता वापर. पहिला संच ९५ शोअर ए कडकपणाचा होता (शोअर ए हे रबर-पीयूचा कडकपणा मोजायचं माप, आकडा जास्त तितका कडक). ८० च्या वेगाला केबिनमध्ये सलग घुंई, पायाखाली थरथर. हा आवाज पीयू तयार करत नाही. डिफरन्शियलमधल्या क्राउन-पिनियन गिअरचा तो आधीपासून असतोच, रबर लपवतो. पाच आठवड्यांनी ८० शोअरचा संच घातला आणि मागचा मोठा बुश रबरचाच ठेवला. घरघर निम्म्याहून कमी झाली. आता ती पाय अर्धवट उचललेला असताना ७५ ते ९० च्या मध्येच ऐकू येते, गाणं लावलं की तीही नाही. ठक्क मात्र परत आलेला नाही. तेव्हा रोजच्या गाडीला तिन्ही बुश ९५ चे घालणं हा शुद्ध हट्ट आहे, ट्रॅकवर पळवणाऱ्यांची गोष्ट वेगळी.

पाचशे किलोमीटरनंतर टॉर्क तपासला तेव्हा पुढचा डावा बोल्ट पाव फेरा आला, बाकीचे जागेवर. तेव्हा मार्करने नट आणि फ्रेमवर मारलेली रेघ आजही सरळ आहे. सहाव्या महिन्यात, पावसाळा संपल्यावर, स्पीडब्रेकरवर चूंचूं सुरू झाली, ग्रीस धुऊन गेलं होतं. बोल्ट काढून, डिफरन्शियल जॅकवर बोटभर खाली घेऊन पुन्हा ग्रीस भरलं, तासाभराचं काम. थंडीत पहाटे पहिले दोन-तीन किलोमीटर थरथर जास्त जाणवते, कारण गारठ्यात पीयू आणखी कडक होतो. गाडी तापली की जाते. पीयूला कुठे चीर किंवा चपटेपणा दिसत नाही. मागच्या रबरच्या कडेला मात्र केसाएवढी रेघ दिसू लागली आहे.