एसडी-वॅन वर्षभर वापरल्यावर: पेटी आपली, अक्कल भाड्याची

एसडी-वॅन म्हणजे शाखा जोडणाऱ्या दोन-तीन इंटरनेट लाइनींपैकी कुठला डेटा कुठून जायचा, ते सॉफ्टवेअरने ठरवणारी सोय. तिच्या रिन्यूअलचं कोटेशन आलं म्हणून लिहायला बसलो. तीन पेट्यांचं (प्रत्येक ठिकाणी राउटरसारखी एक) वर्षाचं लायसन्स, वर 18 टक्के जीएसटी. पेट्या आम्ही रोख मोजून घेतल्या, तरी आमच्या मॉडेलमध्ये लायसन्स संपलं की कंट्रोलर, म्हणजे सगळ्या पेट्यांना हुकूम देणारं मध्यवर्ती सॉफ्टवेअर, त्यांना ओळखच देत नाही. मग काय, पेपरवेट म्हणून वापरायच्या?

आमची पेढी नागपुरात इतवारीत, गोदाम कळमन्याला, डेपो बुटीबोरीला. आधी सगळीकडे एमपीएलएस (टेलिकॉम कंपनीची शाखा जोडणारी खाजगी लाइन) होतं, 4 एमबीपीएसला सोन्याचा भाव. आता प्रत्येक ठिकाणी दोन साधी ब्रॉडबँड आणि एक सिम. भाडं निम्म्याच्या खाली आलं. सुरुवातीला भेटेल त्याला मी हेच ऐकवायचो.

बचत कुठून होते तेही खरंच पाहण्यासारखं आहे. पूर्वी बॅकअप लाइन वर्षभर नुसती लोळत पडायची आणि भाडं खायची. आता दोन्ही चालतात. जिकडे लॅग कमी तिकडून टॅली, दुसरीकडून कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग. गूगलने आपल्या डेटा सेंटरांना जोडणाऱ्या लाइनींवर हेच केलं. 2013 च्या त्यांच्या पेपरात आहे, की एरवी अशा लाइनी 30-40 टक्केच भरतात, त्यांच्या काही लाइनी जवळजवळ 100 टक्क्यांवर चालतात. ठरवणारं डोकं पेटीतून काढून मध्यभागी ठेवलं, की पेटी स्वस्तातली चालते. डोक्याचं भाडं मात्र तिथूनच सुरू होतं. चिपवाल्या ब्रॉडकॉमने 2023 मध्ये व्हीएमवेअर ही सर्व्हरचं सॉफ्टवेअर विकणारी कंपनी घेतली आणि कायमची लायसन्सं विकणं महिनाभरात बंद केलं, तेव्हा मोठमोठ्या डेटा सेंटरवाल्यांनाही ही चव कळली. आपण तर किराणावाले.

तरी एक कबूल करतो. कळमन्याला सिमेंट रोडच्या खोदकामात जेसीबीने फायबर तोडली, तेव्हा मुनीमजी बिलं काढत होते. त्यांना पत्ताही लागला नाही. अलर्ट माझ्या मोबाइलवर आला. त्या दिवशी मी पाचपैकी पाच दिले असते.

पण बुटीबोरीला दोन्ही लाइनी एकदमच गेल्या. जाऊन पाहतो तर दोन वेगळ्या कंपन्यांच्या तारा एकाच खांबाला बांधलेल्या, आणि तो खांबच ट्रकने आडवा केलेला. पत्र्याच्या शेडमध्ये सिमला रेंजची एकच काडी. सॉफ्टवेअर काय करणार त्याला! शिवाय मे महिन्यात दुपारी पेटी आपोआप रिस्टार्ट व्हायची. डेटाशीटवर 40 अंशांपर्यंत चालेल असं छापलंय. राजेहो, आमच्याकडे सावलीतच 45 असतं.

डीलर म्हणतो, तीन वर्षांचं एकदम भरा, सूट देतो. मी दोनच पेट्यांचं आणि एकाच वर्षाचं भरतोय. बुटीबोरीला साधा व्हीपीएन राउटर (साध्या इंटरनेटवरूनच पेढीशी सुरक्षित जोडणी करणारा) बसवला, वर्गणी शून्य. तिथली पेटी विकायची आहे. लायसन्सचं घेणाऱ्याने आपलं पाहावं.