तळघरातला संप पंप: मोटर दणकट, फ्लोटने मात्र दगा दिला

तळघरातल्या खड्ड्यात साचणारं पाणी उपसून बाहेर टाकणाऱ्या या पंपाच्या मोटरबद्दल तक्रार नाही. अख्खा पावसाळा तिने गढूळ पाणीही विनातक्रार उपसलं. पण पंप घेताना सगळे अश्वशक्ती आणि लिटर विचारतात, फ्लोटबद्दल कुणी विचारत नाही. तळघर बुडतं ते मात्र बऱ्याचदा फ्लोटमुळेच.

याचा फ्लोट वायरला लोंबकळणारा. पाणी वाढलं की तरंगत वर येतो आणि मोटर चालू करतो. त्याला झुलायला मोकळी जागा लागते, आणि आमचा खड्डा अरुंद. त्यात थरथरून पंप हळूहळू जागचा सरकतो. एका मुसळधार रात्री फ्लोट पाइपामागे खालीच अडकला आणि पाणी लादीवर आलं. वर अडकला असता तर पंप कोरडा चालत राहिला असता, आणि अशी मोटर थंड राहते ती भोवतीच्या पाण्यामुळेच.

सर्व्हिसवाल्यांचं उत्तर ऐकून संताप आला: वॉरंटीत बसत नाही, नवा पंप घ्या. धडधाकट मोटर भंगारात का घालायची? दांडीवर सरळ वर-खाली होणारा फ्लोट स्विच सुटा मिळतो, पिगीबॅक प्लगचा, म्हणजे ज्याच्या पाठीतच पंपाचा प्लग खोचता येतो असा. तो बसवला, जुना फ्लोट वरच्या स्थितीत बांधून टाकला. आता चालू-बंद फक्त नवा स्विच करतो. पंपाखाली सपाट फरशी ठेवल्याने तो सरकतही नाही. एक तारा देणार होतो, आता चार देतोय.

नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लावाच, नाहीतर मोटर थांबली की पाइपातलं पाणी परत खड्ड्यात येतं आणि पंप उगाच पुन्हा पुन्हा चालतो.

आणखी एक गोष्ट पावसाळा सरता सरता कळली. छताच्या पन्हळीचा पाइप भिंतीच्या बुडाशी सुटत होता, तो लांब नेला आणि पंप चालण्याचं प्रमाण डोळ्यांत भरण्याइतकं घटलं. घराभोवतीच्या जमिनीला पहिल्या ३ मीटरमध्ये निदान १५ सेंमी बाहेरचा उतार हवा. भिंतीला लागलेला लोणा किंवा घराच्या फरशीखालच्या पोकळीतली ओल पंपाने जात नाही. पोकळीतल्या मातीवर जाड प्लास्टिक अंथरावं लागतं, जोडांवर एकमेकांवर चढवून.

एक तारा कापला तो पाणी वाढल्याचा अलार्म सोबत दिलेला नाही म्हणून. वेगळा घ्याल तर बॅटरीवर चालणारा घ्या, वीज जाते तीही नेमकी अशाच पावसात.