एआय वापरायचं ते अ‍ॅपमधून की ब्राउझरमधून?

घरातल्या कुणाच्या फोनवर एआय सुरू करून द्यायचं म्हटलं की हा प्रश्न येतोच. मी दोन्ही वापरतो. उत्तरं दोन्हीकडे सारखीच मिळतात, त्यामुळे तो मुद्दा सोडून देऊ. प्रश्न एवढाच की नकली माल कुठे जास्त गळ्यात पडतो.

अ‍ॅपचं कौतुक आधी. बोलून विचारायला, फोटो काढून दाखवायला ते जास्त सुटसुटीत आहे. मराठी टाइप करायचा कंटाळा असलेल्यांना तर फारच सोयीचं.

पण स्टोअरमध्ये ‘चॅटजीपीटी’ शोधून बघा. वर बऱ्याचदा भलत्याच अ‍ॅपची जाहिरात असते आणि खाली तशाच चिन्हाची, तशाच नावाची भावंडं. ही जमात उगवली त्याला कारण आहे. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये आलं, पण त्याचं अधिकृत अँड्रॉइड अ‍ॅप यायला जुलै 2023 उजाडला. मधल्या काळात इतरांनी दुकानं थाटली. मे 2023 मध्ये सोफोस या सुरक्षा कंपनीने अशा अ‍ॅप्सची जंत्रीच काढली होती. त्यातल्या एकाचं नाव ‘चॅट जीबीटी’, त्याच्या आयफोनवरच्या आवृत्तीला दर आठवड्याला 6 डॉलर! यातल्या बऱ्याच अ‍ॅप्समध्ये व्हायरस वगैरे नसतो, म्हणून ती स्टोअरमध्ये टिकतात. मूळ ठिकाणी फुकट मिळणाऱ्या गोष्टीचे पैसे घेणं, एवढाच त्यांचा धंदा.

माझं मत फिरलं ते आत्याच्या फोनवरच्या अशाच एका अ‍ॅपमुळे. उघडलं की आधी पैशांचा पडदा. ‘3 दिवस मोफत’ ठळक अक्षरांत, ‘नंतर दर आठवड्याला’ मुंगीएवढ्या. बंद करायची फुली कोपऱ्यात, तीही फिकट राखाडी आणि चार-पाच सेकंदांनी उगवणारी. तोवर माणूस कंटाळून मोठं बटण दाबतोच. मग यूपीआय ऑटोपेची परवानगी. आत्या म्हणाली, “अरे, फुकट आहे तर पिन कशाला मागतंय?” बिनतोड प्रश्न होता, आम्ही तिथेच थांबलो. ज्यांनी पिन टाकलाय त्यांच्यासाठी: अ‍ॅप काढून टाकलं तरी वर्गणी थांबत नाही. स्टोअरमधली सबस्क्रिप्शन आणि यूपीआयमधला ऑटोपे, दोन्हीकडे जाऊन बंद केलेलं बरं. आणि आठवड्याचा आकडा चारने गुणून बघावा. तुलनेसाठी, ऑगस्ट 2025 मध्ये भारतात आलेल्या ‘चॅटजीपीटी गो’ या मूळ कंपनीच्याच स्वस्त योजनेचा दर महिन्याला 399 रुपये होता.

ब्राउझरही सोवळा नाही म्हणा. नोव्हेंबर 2023 मध्ये खुद्द गूगलला कोर्टात जावं लागलं. फेसबुकवर जाहिराती देऊन कुणीतरी लोकांना ‘बार्ड’ (गूगलचा एआय, आताचा जेमिनी) डाउनलोड करायला लावत होतं. बार्ड फुकट होतं आणि त्यात डाउनलोड करण्यासारखं काहीच नव्हतं. मे 2025 मध्ये मँडियंट या सुरक्षा कंपनीने उघड केलेला प्रकार आणखी बेरकी: लुमा, क्लिंग अशा व्हिडिओ बनवणाऱ्या एआयच्या नकली साइट. हवं ते लिहा, रेघ सरकताना बघा, ‘व्हिडिओ तयार’. उतरवलेल्या झिपमधल्या फाइलच्या नावात ‘एमपी4’ दिसतं, मग लांबलचक रिकामी जागा आणि पार शेवटी ‘ईएक्सई’, म्हणजे व्हिडिओ नव्हे, प्रोग्राम. संगणकावर ती उघडली की पासवर्ड गेले.

तरी मला ब्राउझरच बरा वाटतो. चॅटजीपीटी डॉट कॉम किंवा जेमिनी डॉट गूगल डॉट कॉम हा पत्ता एकदा हाताने टाइप करायचा, शोधायचा नाही, आणि ‘होम स्क्रीनवर जोडा’ दाबायचं. पुढे निवडण्याची भानगडच उरत नाही, आणि एआयच्या नावाखाली कुणी सॉफ्टवेअर किंवा एक्स्टेंशन उतरवायला सांगितलं तर ते लगेच खटकतं.

टेलिग्रामवर शे-दोनशेत ‘प्रो अकाउंट’ विकणाऱ्यांना मी या तुलनेत धरलेलंच नाही. दुसऱ्याच्या लॉगिनमध्ये आपले कागद टाकायचे कशाला?

बोलूनच वापरायचं असेल तर अ‍ॅप जरूर घ्या, माझा तेवढा हट्ट नाही. फक्त स्टोअरमध्ये शोधू नका. आधी ब्राउझरमध्ये मूळ साइट उघडा, तिथल्या लिंकवरून स्टोअरमध्ये जा आणि चॅटजीपीटीच्या नावाखाली ते बनवणाऱ्या कंपनीचं, ‘ओपनएआय’चं नाव लिहिलंय का ते बघून मगच इन्स्टॉल करा.